पाहुणा पाळक आणि मोमिनपुऱ्याचा ड्रायव्हर: दोह्यातल्या दहा आठवड्यांचं एक प्रकरण

नागपुरातून आखाती देशांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची संख्या वाढली, तसं आपल्या पाळकांनाही तिकडून बोलावणं येऊ लागलं. तिथला नेहमीचा पाळक रजेवर असला की आठ-दहा आठवडे कुणीतरी उपासना चालवावी लागते, आजाऱ्यांना भेटावं लागतं, ईस्टरचं प्रभुभोजन द्यावं लागतं. जाणाऱ्याला व्हिसा, विमा, हवामान याबद्दल सगळे सांगतात. खरी अडचण कुठे येते, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. लिहिलेलं दोघांनाही वाचून दाखवलं आहे. त्याबद्दल पुढे सांगेन.

माणसं आणि जागा

पाळकसाहेब एकोणसाठ वर्षांचे. राहतात सदरमध्ये, ऑल सेंट्स कॅथेड्रलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. याच कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा ख्रिस्ती पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्या दिवशी पाळकसाहेब वडिलांच्या खांद्यावर बसून तिथं होते. सेवेची तीस वर्षं त्यांनी विदर्भातल्या लहान मंडळ्यांत काढली. परदेशात पहिल्यांदाच निघाले होते.

२०२५ च्या फेब्रुवारीत ते दोह्याला पोचले ते एका लहान हिंदी-मराठी गटासाठी. तीस-पस्तीस कुटुंबं, त्यांत नर्स बऱ्याच, बाकी तंत्रज्ञ, लेखापाल, एक-दोन अभियंते. कतारमध्ये ख्रिस्ती उपासना होते ती दोह्याच्या मेसाइमीर भागातल्या एका मोठ्या आवारात. ही जमीन तिथल्या अमिरांनी दिलेली. पहिलं कॅथलिक चर्च तिथं २००८ साली उघडलं, नंतर इतर पंथांच्या इमारती झाल्या. बाहेरून क्रॉस दिसत नाही, घंटा वाजत नाही. फाटकावर ओळखपत्रं पाहतात. आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणून मुख्य उपासना शुक्रवारी. एका सभागृहात मल्याळम उपासना संपते तोवर दारात तमिळ मंडळी उभी असते, त्यांच्या मागे फिलिपिनो. आपल्या गटाला मिळायचे दीड तास, त्यातच खुर्च्या लावायच्या आणि आवरायच्या.

नियम स्पष्ट आहेत. आवाराच्या आत उपासना करा, कुणी आडकाठी करत नाही. मुस्लिमांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रचार मात्र गुन्हा आहे, आणि तो एखाद्या संस्थेच्या वतीने केला तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुस्लिम माणसाला या आवारात प्रवेश नाही.

आता ड्रायव्हर. वय चौतीस, घर मोमिनपुऱ्यात. आजोबांचा हातमाग होता, वडिलांच्या काळात तो थांबला. हा बारावीनंतर दुकानात, मग गाडीवर, मग दोह्यात एका भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीत. गटाने पाळकसाहेबांना फिरवायला त्या कंपनीची गाडी ठरवली होती. तो नागपूरचा निघाला, हा निव्वळ योग.

पहिल्या दिवशी पाळकसाहेब गाडीत बसताना सवयीने 'सलाम' म्हणाले. आपल्या जुन्या ख्रिस्ती घरांत अजून सलामच म्हणतात, पत्राची सुरुवातही 'सप्रेम सलाम'ने होते. तो चमकून मागे वळला.

"फादर, तुम्ही मुसलमान आहा का?"

"नाही रे. आणि फादरही नाही. माझं लग्न झालंय. पाळक म्हण."

"मंग सलाम कसा करून राहिले?"

"आमच्या आजीपासून तसंच चालत आलंय."

मग नागपूर निघालं. सदरचे का, मी मोमिनपुऱ्याचा आहो, आमची अम्मी ताजबागेत दर उर्साला जाते, तुम्ही गेले का कधी? पाळकसाहेब गेले होते. नागपुरात ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात कोण जात नाही?

पाण्याची बाटली

त्या वर्षी रमजान १ मार्चला सुरू झाला आणि राखेचा बुधवार आला ५ मार्चला. म्हणजे एकाचे रोजे आणि दुसऱ्याचा उपवासकाळ जवळजवळ बरोबरच चालले. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणं-पिणं तिथं कायद्यानेच मना आहे, पण गाडीच्या काचा काळ्या असतात आणि कुणी बघत नाही. मागच्या सीटच्या खणात पाण्याची बाटली असायची. पाळकसाहेबांनी तिला हात लावला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "प्या ना साहेब. रोजा माह्या हाय, तुमचा नाही." पाळकसाहेब म्हणाले, "माझाही आहे. फक्त मला पाणी चालतं." आणि तरी प्यायले नाहीत.

हा तपशील मी मुद्दाम देतो आहे, कारण पुढच्या सगळ्याचा पाया इथं आहे. दोघांत जी जवळीक झाली ती कुणी कुणाला काही पटवण्यातून झालेली नव्हती.

१७ मार्च

सोमवारची संध्याकाळ. एका आजारी सभासदाला भेटून पाळकसाहेब परत निघाले होते. इफ्तारला काही मिनिटं उरली होती. ड्रायव्हरचा फोन सारखा वाजत होता. त्याने गाडी बाजूला घेतली. नागपुरात महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ सुरू झाल्याचे व्हिडिओ त्याच्या फोनवर येऊन पडत होते. भारतात तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेलेले. तो घरी फोन लावत होता आणि कुणी उचलत नव्हतं. घरात आई, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. आई मधुमेही, इन्सुलिनवर.

अजान झाली. त्याने खजूर तोंडात टाकला आणि तो चावलाच नाही. मग म्हणाला, "साहेब, तुमच्या पद्धतीनं माह्या अम्मीसाठी मागा काहीतरी."

पाळकसाहेबांनी मला सांगितलं, त्या क्षणी डोक्यात पहिल्यांदा कायदा आला, आणि कायदा आला याची लगेच शरम वाटली. तीस वर्षांत कुणी प्रार्थना मागितली आणि आपण थबकलो, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, डोळेही मिटले नाहीत. दोघांना आमेन म्हणता येईल अशा शब्दांत ते बोलले: दयाळू देवा, या घरातल्या तिघींना आज रात्री सांभाळ, रस्त्यावरच्या सगळ्या पोरांना घरी पोचव. तीन-चार वाक्यं. मग त्यांनी नागपूरला पत्नीला फोन लावला.

बाईंनी सदरच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं आहे. त्यांचा एक जुना विद्यार्थी मोमिनपुऱ्याजवळ औषधांचं दुकान चालवतो. अर्ध्या तासात त्याच्या भावाने गल्लीतून जाऊन पाहिलं: तिघी घरात आहेत, दार आतून लावलंय, फोन चार्ज नव्हता. त्या रात्री शहरातल्या अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, तहसील ठाण्याच्या हद्दीतल्या या वस्तीतही. सदरमध्ये नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याने पोलिसांची परवानगी काढून इन्सुलिन पोचवलं. बाईंनी पुढचे पाच दिवस रोज सकाळी त्या आईला फोन केला. संचारबंदी २३ तारखेला पूर्ण उठली.

मला विचाराल तर त्या दहा आठवड्यांतली सर्वांत मोलाची सेवा सदरमधल्या स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर झाली. पण ती पुढच्या गुंत्याचं कारणही झाली.

उपदेश आणि पुस्तक

शुक्रवार, २१ मार्च. पाळकसाहेबांनी वचन घेतलं लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला परक्या जमातीच्या वाटसरूने सांभाळलं ती. आणि 'माझा शेजारी कोण?' हे समजावताना सोमवारची संध्याकाळ सांगितली. नाव घेतलं नाही. 'मोमिनपुऱ्याचा आपला ड्रायव्हर' म्हणाले, त्याची आई, तिचं इन्सुलिन, त्याने मागितलेली प्रार्थना, सगळं सांगितलं. मंडळीतले लोक रडले. कुणीतरी फोनवर रेकॉर्ड केलं आणि नागपूरच्या नातेवाइकांना पाठवलं. त्यांनी पुढे पाठवलं. शनिवारी दुपारी ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग पाळकसाहेबांच्या स्वतःच्या फोनवर परत आलं, वर लिहिलं होतं: 'कतारमध्ये मुस्लिम बांधवाने ख्रिस्ताकडे मागितलं!'

त्याच संध्याकाळी ड्रायव्हरने गाडीत विचारलं, "साहेब, तुमचं ते पुस्तक द्याल का? इंजील. मले वाचायची हाय."

पाळकसाहेबांच्या बॅगेत हिंदी नवा करार होता. हात पुढे केला असता तर मिळाला असता. ते म्हणाले, "दोन दिवस दे."

त्या दोन दिवसांत त्यांनी तिघांशी बोलणी केली. गटातल्या एका तरुण अभियंत्याचं म्हणणं, पुस्तक कशाला, अ‍ॅप आहे, लिंक पाठवा, कुणाला कळणार? आणि त्याने कळवळून विचारलं, "मागणाऱ्याला नाही म्हणायचं असेल तर मग आपण पाळक तरी कशाला झालो?" रजेवर गेलेले पाळक फोनवर म्हणाले, तुम्ही ठरवा, पण मंडळीला विचारल्याशिवाय ठरवू नका. तिसरी गटाची सेक्रेटरी. मूळची अचलपूरची नर्स, दोह्यात चौदा वर्षं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली:

"पास्टरसाहेब, तुम्ही २८ एप्रिलला विमानात बसाल. आम्ही इथंच राहू. आणि तोही इथंच राहील."

तिने पुढे एक-एक सांगितलं. ड्रायव्हरची नोकरी गेली तर व्हिसा जातो. कंपनीने बाकीच्या ड्रायव्हरांची चौकशी केली तर त्यांच्यातही भीती पसरते. गटाला मिळालेला दीड तास आवाराच्या व्यवस्थापनाच्या भरवशावर आहे, आणि त्यांचा भरवसा सरकारवर. तिच्या वॉर्डात मुस्लिम नर्सेसबरोबर ती बारा-बारा तास काम करते. आजपर्यंत कुणी तिच्याकडे संशयाने पाहिलं नाही. "हे एवढं कमवायला आम्हाला चौदा वर्षं लागली."

इथं मला थोडं मागे जावंसं वाटतं. लाहोरचे पहिले बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच यांनी पद सोडलं आणि १८९१ च्या फेब्रुवारीत ते मस्कतला जाऊन राहिले. वय पासष्टच्या पुढे. बाजारात बसून लोकांशी अरबीत बोलायचे. मे महिन्यात तिथल्या उन्हाने त्यांचा अंत झाला, आणि मस्कतजवळच्या एका खाडीकाठी त्यांना पुरलं. आपल्या उपदेशांतून फ्रेंच यांचं उदाहरण नेहमी येतं, आणि मलाही ते लहानपणापासून प्रिय आहे. पण त्यांच्या मागे तिथं मंडळी नव्हती. जे काही भोगायचं ते त्यांचं त्यांनी भोगलं. आज जाणाऱ्या पाळकाच्या मागे पस्तीस कुटुंबं उभी असतात, आणि समोर एक माणूस असतो ज्याची सगळी कमाई एका शिक्क्यावर टिकून आहे. पाहुण्याने दाखवलेल्या धैर्याचं बिल त्यांच्या नावाने फाटतं.

पाळकसाहेबांचं दुसरं कारण मात्र कायद्याचं नव्हतं. त्यांचे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात एका मिशनच्या अन्नछत्रात वाढले आणि ख्रिस्ती झाले. त्या घराला पुढे तीन पिढ्या 'दुष्काळी ख्रिस्ती' म्हणून ऐकून घ्यावं लागलं. पणजोबांचा विश्वास खरा होता, हे पाळकसाहेबांना ठाऊक आहे. पण तो कधी भाकरीपासून वेगळा करून दाखवता आला नाही. "माझ्या बायकोने त्याच्या आईला इन्सुलिन पोचवलं त्याला चार दिवस झाले होते," ते मला म्हणाले. "त्या चार दिवसांत तो पुस्तक मागत होता की उपकार फेडत होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आणि मी ते न विचारता पुस्तक दिलं असतं तर त्याच्या डोक्यावर माझ्या पणजोबांचं ओझं ठेवलं असतं."

सोमवारी त्यांनी त्याला खरं सांगितलं. पुस्तक नाही असं खोटं बोलले नाहीत. पुस्तक माझ्या बॅगेत आहे. इथं देणार नाही, कारण त्याची किंमत तुला आणि माझ्या लोकांना द्यावी लागेल, मला नाही. तू सुट्टीवर नागपूरला येशील तेव्हा माझं घर तुझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. तेव्हाही वाटलं तर माग. आणि तेव्हा तुझ्या अम्मीला माहीत असू दे.

तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताजबागेत तर सगळेच येतात, साहेब. हिंदू येतात, तुम्ही आले. तिथं कोणी कार्ड पाहून राहिलं नाही." याला पाळकसाहेबांजवळ उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला, केरळचा.

आमच्या गटातली चर्चा

नागपूरला आल्यावर पाळकसाहेबांनी हे सगळं आमच्या पाळकांच्या अभ्यासगटात मांडलं. आम्ही नऊजण होतो. पहिल्या बैठकीचे अडीच तास पुस्तकावरच गेले. चौघांना वाटलं, त्यांनी बरोबर केलं. तिघांना वाटलं, भीतीला शहाणपणाचं नाव दिलं. एका वडीलधाऱ्या पाळकांनी विचारलं, पेत्र आणि योहान यांना प्रचाराची बंदी केली तेव्हा त्यांनी यहूदी सभेला काय उत्तर दिलं होतं? देवाऐवजी तुमचं ऐकणं योग्य आहे का, तुम्हीच ठरवा, असंच ना? तो प्रश्न हलका नव्हता, आणि मी तो हलका करणार नाही. माझं मत असं की पेत्र-योहानांनी स्वतःची पाठ पुढे केली होती. दुसऱ्याची नाही.

उपदेशाबद्दल आम्ही शेवटची दहा मिनिटं बोललो. 'रेकॉर्डिंग करणाऱ्याने चुकलं' एवढं म्हणून पुढे गेलो. मीही गेलो.

दुसऱ्या बैठकीआधी पाळकसाहेबांनी सांगितलं, ३० मार्चला, तिकडच्या ईदच्या दिवशी, ड्रायव्हर शीरखुर्म्याचा डबा घेऊन खोलीवर आला होता. तेव्हा त्यांनी विचारलं, पुस्तकाचा राग गेला का? तो म्हणाला:

"पुस्तकाचा राग नव्हता, साहेब. तुम्ही ते बरोबरच सांगितलं. मोमिनपुऱ्यातल्या माह्या मित्रानं मले तुमच्या आवाजात माह्या अम्मीची गोष्ट पाठवली. तिची सुई, तिचं घाबरणं, सगळं. मी ते तुमाले सांगितलं होतं. लोकायले नाही."

ते ऐकताना बैठकीत कुणी बोललं नाही. आमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी दुसऱ्याचं दुःख उपदेशात दृष्टांत म्हणून वापरलं आहे. मंडळी भिजते, आपल्याला वाटतं वचन पोचलं. ज्याचं दुःख आहे तो बहुतेक वेळा आपल्याच मंडळीतला असतो, मागच्या बाकावर बसून ऐकतो, आणि मान खाली घालून सोडून देतो. इथं तो आवाराच्या फाटकाबाहेर गाडीत बसला होता. आत येऊन 'असं सांगू नका' म्हणण्याचीही त्याला सोय नव्हती.

पुस्तक देऊ की नको यावर पाळकसाहेबांनी दोन रात्री जागून काढल्या, तिघांचा सल्ला घेतला. उपदेशात त्याची गोष्ट सांगू की नको, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. माझ्या मते चूक इथं आहे, आणि ती आमच्या सगळ्यांच्या शिक्षणातली आहे. कायद्याची भीती असते तिथं आपण सावध होतो. जिथं फक्त माणसाची लाज राखायची असते तिथं व्यासपीठ आपल्याला मोकळीक देतं. आणि धोका पाहिला तरी पुस्तकापेक्षा ते रेकॉर्डिंगच जास्त घातक होतं: 'मुस्लिम बांधवाने ख्रिस्ताकडे मागितलं' हे वाक्य चुकीच्या फोनवर गेलं असतं तर त्याला तिथं आणि त्याच्या घरच्यांना इथं, तणावाच्या त्या आठवड्यात, काय झालं असतं याचा विचार करवत नाही. सेक्रेटरीने तीन दिवस एकेकाला फोन करून ते पुसायला लावलं. सगळीकडून पुसलं गेलं की नाही, कुणाला सांगता येणार नाही.

आणखी एक. कुठे प्रार्थना करता येईल, काय देता येणार नाही, हे पाळकसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात त्याला मोकळेपणी सांगायला हवं होतं. मैत्री वाढू दिली आणि हद्द नंतर दाखवली. माणसाला ते दार लोटल्यासारखं लागतं. आता इथून कुणी निघतो तेव्हा आम्ही त्याच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतो: पोचल्यावर पहिल्या चार दिवसांत तिथल्या जुन्या सभासदांबरोबर, विशेषतः नर्सेसबरोबर, बसायचं आणि त्यांचं ऐकायचं, आणि आवाराबाहेरच्या कुणाचीही गोष्ट व्यासपीठावरून सांगायची नाही, नाव न घेताही नाही.

डिसेंबर

ड्रायव्हर डिसेंबरात सुट्टीवर आला. मी हे लिहिलेलं त्याला पाळकसाहेबांच्या घरी वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्याने थांबवलं आणि काढायला सांगितलं, ते काढलं. आईच्या इन्सुलिनचं राहू द्यायचं का, असं विचारलं, तर घरी जाऊन तिला विचारून आला. ती म्हणाली, राहू द्या, साऱ्या मोहल्ल्याला माहीतच आहे.

टेबलावर तो हिंदी नवा करार ठेवलेला होता. पाळकसाहेब म्हणाले, "मी शब्द दिला होता. हे आहे."

त्याने पाहिलं, हातात घेतलं नाही. म्हणाला, "असू द्या इथंच. आधी अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय गुरुवारी. ते होऊ द्या."

गुरुवारी सकाळी पाळकसाहेबांनी आपली जुनी गाडी काढली. गल्लीत ती शिरत नाही, म्हणून मोमिनपुऱ्याच्या तोंडाशी उभी केली. तो आईचा हात धरून आला, तिला मागे बाईंच्या शेजारी बसवलं आणि स्वतः पुढे बसला. बाटली समोरच होती. त्याने झाकण काढून आधी पाळकसाहेबांपुढे धरली.